पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

पाटीपेन्सिल:
नातीच्या वहीत ‘त्रेसष्ट’पुढे 36 दिसलं आणि जिल्हा परिषद शाळेतले दुसरीचे सगळे वर्ग डोळ्यांपुढे आले. दरवर्षी चूक तीच. कानावर आधी तीन पडतो, मग साठ. पोर ऐकलं तसंच लिहितं. ‘एकोणचाळीस’चे 49 होतात, कारण चाळीस ऐकलं की हात आधी 4 काढून मोकळा.
यावर काड्याच. दहा-दहाचे चार गठ्ठे मांडायचे आणि म्हणायचं, एक काडी दे. गठ्ठा सोडल्याशिवाय देता येत नाही. उरले तीन गठ्ठे, नऊ सुट्ट्या. मगच अंक लिहायचा.
तुम्हीही लिहा. सत्कार-शाली राहू देत. पोरं कुठे अडतात आणि कशाने सुटतात ते सांगा.

घाटमाथा:
2019ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ आलं तेव्हा विधानसभेपर्यंत गाजलं होतं. विनोद पुष्कळ झाले, 36 आणि 63 चं कुणी बोललं नाही.

खडूधूळ:
हातच्याची वजाबाकी घ्या. 52 − 27 चं उत्तर 35 आलं तर पोर आळशी नाही. ‘मोठ्यातून लहान वजा’ हे आपणच पाठ करून घेतलेलं असतं, ते 7 मधून 2 काढतं. गठ्ठा त्यालाच सोडू द्या. 12 मधून 7 गेले, 5 उरले. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, 25. बाईंनी सोडून दाखवला तर पोरं नुसती बघतात.
खरी गंमत 302 − 146 ला. मधे शून्य, दशकाकडे द्यायला काही नाही. शतकाचा मोठा गठ्ठा सोडून दहा दशक, त्यातला एक पुन्हा सोडायचा. दशकाच्या घरात 9 कुठून आले ते तेव्हा दिसतं. उत्तर 156. इथे घाई केली की चौथीत भागाकाराला रडारड.

शेवंती:
माझं वाचनाचं. क ख ग घ ङ या क्रमाने जाऊ नका, ङ चा शब्द देणार कुठून? क, न, म, ग, र आणि काना एवढ्यावर मामा, काका, नाक, कान, मका, मगर, कमान होतात. पहिल्या पंधरवड्यात पोर शब्द वाचतं, आणि ते तोंड बघण्यासारखं असतं हो! भ-म, घ-ध एकाच आठवड्यात नकोत. वाचतंय की पाठ म्हणतंय हे बघायला चित्र झाका आणि शेवटच्या शब्दापासून मागे या.

सावळागोंधळ:
आणि गणित खिचडीआधी घ्या 😄 पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, वर डाळ. नंतर हातचा कुणाला सुचतो?

घाटमाथा:
@सावळागोंधळ, आणि तांदळाचा हिशेबही बाईंनीच लिहायचा!

रानजाई:
काड्या कुठल्या वापरता? गठ्ठ्यांना लावलेले रबर सतत तुटतात.

खडूधूळ:
खराट्याच्या, एकाच लांबीच्या कापून, टोकं घासून. सुतळी नको, गाठ लहान बोटांना सुटत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्ध्या बोटाएवढ्या रुंद चकत्या कापा. पंक्चरवाला फुकट देतो.

रानजाई:
धन्यवाद सर, उद्याच मागते.