प्रिंटवर गुलाबी झाक येतेय, स्क्रीनवर मात्र सगळं ठीक

करडा_ठिपका:
सहा रंगांचा इंकजेट आहे, शाई ओरिजिनल, पेपर दुसऱ्या कंपनीचा लस्टर (अर्धवट चमकीचा). स्क्रीन कॅलिब्रेट केलेली आहे, म्हणजे तिचे रंग मोजून नीट बसवलेत. तरी प्रिंट काढली की सगळं गुलाबी मारतंय, चेहरे तर ताप चढल्यासारखे आणि ढगात जिथे नुसता करडा पाहिजे तिथेपण गुलाबीच. फोटोशॉपमध्ये मॅजेंटा (गडद गुलाबी) कमी करून बघितला तर सावल्या सुधारतात पण उजळ भाग हिरवट होतो. सुरुवात कुठून करू?

शाईचे_डाग:
आधी नोझल चेक काढा (शाईची छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारी रेघांची टेस्ट प्रिंट), बाकी कशाला हात लावू नका. सायन (निळसर हिरवी शाई) तुंबली असेल तर प्रिंट लालसर येते, मॅजेंटा तुंबली तर हिरवट, पिवळी तुंबली तर निळसर. सहा रंगात बहुतेक वेळा लाइट सायन म्हणजे फिकी सायनपण असते, ती एकटीच बंद असली की झाक उजळ भागात दिसते आणि गडद भाग बऱ्यापैकी ठीक, मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. रेघा तुटक आल्या तर हेड क्लिनिंग एक-दोनदा करा, सारखं नको, सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणारा पॅड) जाते.

प्रोफाइलवेडा:
नोझल ठीक निघाले तर माझा संशय डबल कलर मॅनेजमेंटवर. फोटोशॉपने प्रोफाइल (त्या प्रिंटर-पेपरवर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) लावून रंग बदलले आणि त्यावर ड्रायव्हरनेपण (कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) स्वतःचं करेक्शन केलं की बहुतेक वेळा अशीच गुलाबी झाक येते. दोघांपैकी एकालाच काम द्या. प्रिंट विंडोत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा, त्या पेपरचं त्याच प्रिंटरसाठीचं आयसीसी (प्रमाणित फॉरमॅटमधलं) प्रोफाइल लावा आणि ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद. मीडिया टाइप (ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार) पेपर कंपनीने प्रोफाइलसोबत सांगितलेलाच ठेवा, कारण शाई किती सोडायची ते प्रिंटर त्यावरून ठरवतो, तो चुकला की प्रोफाइल असून नसल्यासारखं. आणि फोटोतला मॅजेंटा कमी करत बसू नका हो, फाइल बिचारी चांगली आहे. टेस्टला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी काढा, आर-जी-बी (लाल-हिरवा-निळा) तिन्ही आकडे सारखे असलेली. चेहऱ्यावर डोळा फसतो, पट्टीवर नाही.

करडा_ठिपका:
नोझल सगळे व्यवस्थित. ड्रायव्हरमध्ये कलर कंट्रोल चालूच होता, अपडेटनंतर परत डिफॉल्टवर गेला वाटतं. बंद केला, प्रोफाइल लावलं, चेहरे माणसात आले! आता नवीनच भानगड, ब्लॅक अँड व्हाइट फोटो दिवसा खिडकीपाशी हिरवट दिसतो आणि रात्री पिवळ्या बल्बखाली तांबूस. प्रिंट तीच!!

प्रोफाइलवेडा:
हे मेटामेरिझम, सेटिंग चुकलेलं नाही. तुमच्या प्रिंटरात काळी शाई एकच, त्यामुळे फिके करडे टोन रंगीत शाया मिसळून बनतात आणि उजेड बदलला की ते मिश्रण वेगळं दिसतं. ज्या प्रिंटरात वेगळ्या करड्या शाया असतात तिथे हा त्रास बराच कमी. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल मोड असेल तर करून बघा, पण काही मॉडेलमध्ये त्यातही रंगीत शाई वापरली जातेच. फोटो जिथे लावणार त्या उजेडात पास करा, नुसतं तपासायला 5000 केल्विनचा (दिवसासारखा पांढरा उजेड) चांगल्या सीआरआयचा, म्हणजे रंग खरे दाखवणारा दिवा बरा.

शाईचे_डाग:
आणि डाय शाई (विरघळलेल्या रंगाची, पिगमेंट नव्हे) असेल तर प्रिंट मशीनमधून निघाल्या निघाल्या तिच्यावर शिक्का मारू नका, रात्रभर वाळू द्या. ओली असताना रंग थोडे वेगळेच दिसतात.