लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड अचानक दिसेनासं झालं, तुमचं काय झालं होतं?

रामबागची_मावशी
परवा रात्री भाचीचा पुण्याहून फोन, अगदी रडवेली. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, सोमवारी सबमिशन आणि म्हणे मावशी माझं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्डच दिसत नाहीये, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजची हार्डवेअरची यादी) डिस्प्ले अडॅप्टर्सखाली नुसतं इंटेलचं छोटं ग्राफिक्स. ऐकलं आणि मला २०१९ चा मे आठवला. लेकाचा लॅपटॉप, अस्सं झालं होतं. इथे इंदूरलाच एका दुकानात नेला, त्याने पाठ उघडलीसुद्धा नाही, बोर्ड गेलंय म्हणाला आणि सव्वीस हजार सांगितले. लेक दोन दिवस नीट जेवला नाही. मग समोरच्या काकांनी आमच्या डायनिंग टेबलावर उघडला. आधी पाठकोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथला तो तिथेच कागदात टोचून ठेवला, कारण मागचे लांब आणि पुढचे आखूड, लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वरती हात टेकतो तिथे फोड येतो. बॅटरीचा कनेक्टर नखाने हळूच सोडवला, चार्जर काढलेलाच होता, पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरलं आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी लावला तर दोन ओळी! इंटेल आणि एनव्हिडिया. पुढे दोन वर्षं चालला. काका म्हणाले आतली बॅटरी काढता येत नसली की लॅपटॉप बंद करूनही बोर्डावरच्या कंट्रोलरला वीज मिळतच राहते, तो अडकला की कार्डाला पॉवरच देत नाही.
तुमचं काय झालं, कशाने आलं, किंवा नाहीच आलं, सगळं लिहा. भाची वाचतेय.

सुदामानगर
ड्रायव्हर. विंडोज अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड ४३ (कार्डात गडबड म्हणून विंडोजने ते थांबवलं). जुन्यावरच पुन्हा इन्स्टॉल करून काही नाही झालं, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून सगळं साफ केलं आणि मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकला, जुना होता तरी तोच चालला. नेट बंद ठेवून करा, नाहीतर विंडोज मधेच आपला घुसवतं. कुकर लागलाय, नंतर येते

बडोदेकर
ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट बघा प्लीज. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजीची फुकट सिस्टीम) घ्या, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय करा, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएन (lspci -nn) मारा, बोर्डाला जोडलेल्या सगळ्या हार्डवेअरची यादी येते. यादीत १०डीई (10de) दिसलं तर ते एनव्हिडिया, म्हणजे बोर्डाला कार्ड दिसतंय, घोळ बहुतेक विंडोजचा. ८०८६ म्हणजे इंटेल, ते दिसणारच. १०डीई नसेल तर तुम्ही शंभर वेळा ड्रायव्हर टाका, बोर्डालाच कार्ड दिसत नाहीये तर विंडोजला कुठून दिसणार. मग बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी बोर्डाची सेटिंग्ज) डिफॉल्ट करा, मावशींच्या काकांनी केलं ते करा. हे न करता मी पूर्ण रविवार फुकट घालवला होता.

कैरी
मावशी तुमचे काका देवमाणूस. भाचीला सांगा आधी कंपनीच्या त्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये इको मोड बघ!! माझ्या भावाचं तेच निघालं, बॅटरी वाचवायला त्याने कधीतरी दाबलं आणि विसरला, त्यात कार्ड पूर्ण बंदच होतं, डिव्हाइस मॅनेजरमधून नाव जातं. व्ह्यू मध्ये जाऊन हिडन डिव्हाइसेस दाखव केलं तर फिकट दिसतं, कोड ४५ (म्हणजे सध्या जोडलेलं नाही).

जेलरोडवाला
कोणी दुरुस्तीला इंदूरच्या सिल्व्हर मॉलला (कॉम्प्युटरची दुकानं) जाणार असाल तर सकाळी जा भिया, दुपारनंतर आरएनटी मार्गावर गाडी लावायला जागा नाही

कैरी
आणि येताना पोहे-जलेबी 😄

जेलरोडवाला
सकाळचे पोहे, रात्री सराफा. थंडीत गराडू.

कैरी
मीपण पुण्यात बसून वाचतेय, छळू नका. पोह्यांवरचा जिरावण मसाला तरी पाठवा कोणीतरी

ग्वाल्हेरची
आमचं नाही आलं. बाबांचा जुना लॅपटॉप, एनव्हिडियाच्या ८६०० एम चिपवाला, त्यात सगळं आजीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं म्हणून जीव अडकलेला. कारागिराने हॉट एअरने चिप तापवून दिली, तीन महिने चालला आणि परत स्क्रीनवर उभ्या रेघा. परत तापवला, पंधरा दिवस. नंतर कळलं की त्या पिढीच्या चिपमध्येच दोष होता, सिलिकॉन आणि खालच्या पट्टीमधले सांधे गरम-गार होऊन तडकायचे, २००८ च्या जुलैत एनव्हिडियाने स्वतःच त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. तापवल्याने तडा तेवढ्यापुरता जुळतो, बुजत नाही. म्हणून कोणी हीट मारून देतो म्हणालं तर आधी डेटा काढून घ्या, मग काय ते करा. आम्ही हार्ड डिस्क काढून घेतली, आजीची गाणी वाचली.

बडोदेकर
@ग्वाल्हेरची गाणी वाचली हे वाचून खरंच बरं वाटलं. दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

सुदामानगर
आले. एक राहिलं, एचडीएमआय लावून बघा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये तो पोर्ट थेट मोठ्या (एनव्हिडियाच्या) कार्डाला जोडलेला असतो, कार्ड गेलं की बाहेरचा मॉनिटरही काळा. माझ्या जावेला वाटत होतं केबल खराब, दोन नव्या आणल्या तिने. आणि शट डाउन करताना शिफ्ट दाबून करा, फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही

रामबागची_मावशी
सगळ्यांचे खूप खूप आभार. इको मोड बंदच होता. मग तिच्या रूममेटने पेनड्राइव्ह बनवून दिला आणि आत्ता फोटो आलाय, यादीत १०डीई आहे!! कार्ड आहे हो. आता डीडीयू चालू आहे, मी फोन कानालाच लावून बसलेय, इकडे भाजी करपली. वॉरंटीत आहे म्हणून उघडू नकोस म्हटलंय तिला.

बडोदेकर
वॉरंटीत असेल तर अजिबात नको. वायफाय बंद केलंय ना?

रामबागची_मावशी
केलंय. रिस्टार्ट होतोय.