इनोउएच्या आधीपण बॉक्सर जोरात मारत होते हो
हलक्या वजनातले सगळ्यात जोरदार मारणारे बॉक्सर कोण, या चर्चेत जपानच्या नाओया इनोउएचं नाव आलं ते बरोबरच, पण "त्याच्याआधी हलक्या वजनात ताकदच नव्हती, सगळे पॉइंटवर जिंकायचे" हे तिथलं एकाचं वाक्य काही पटलं नाही बुवा. १९७८ ला कार्लोस झाराते आणि विल्फ्रेडो गोमेझ सान हुआनला भिडले तेव्हा झाराते ५२ विजयांपैकी ५१ नॉकआउट घेऊन आला होता, आणि गोमेझ? त्याचे सगळेच विजय नॉकआउट! पाचव्या राउंडला झारातेचा खेळ खल्लास. गोमेझने सुपर बँटमचं (साधारण ५५ किलोचा गट) जगज्जेतेपदाचं टायटल १७ वेळा राखलं, सतराच्या सतरा नॉकआउट, आता बोला.

खाओसाय गॅलेक्सीचं नाव तर कोणी घेतच नाही राव. थायलंडचा, मुए थाईतून (तिथलं किकबॉक्सिंग) आलेला डावखुरा, ५२ किलोचा माणूस, डावा हात बरगडीखाली बसला की समोरचा गार. टायटल १९ वेळा राखलं, त्यातले १६ नॉकआउट, टायटल असतानाच १९९१ ला रिटायर.

इनोउएचंच बघायचं तर २०१९ ची ग्लासगोची रॉड्रिगेझची फाइट बघा, पोटात ठोसा बसल्यावर रॉड्रिगेझ गुडघ्यावर, नाकातून रक्त, आणि आपल्या कॉर्नरकडे (कोपऱ्यातल्या कोचकडे) बघून नुसती मान हलवतोय की नाही जमणार. डोनेअर नावाच्या बॉक्सरचा २०११ चा माँतिएलवरचा लेफ्ट हुकपण (डाव्या हाताचा बाजूने येणारा ठोसा) बघाच, माँतिएल पाठीवर पडलेला आणि हातपाय झटकतायत, तरी पठ्ठ्या उठला कसा देव जाणे.

माझं मत विचाराल तर एका ठोशाच्या ताकदीत इनोउए, पण एकूण नंबर एक गोमेझच.