लुपस + थायरॉइड : ठाण्यात कोणाला दाखवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३४, आम्ही कोलशेतला राहतो) पाच वर्षांपासून लुपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो आजार) आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि कमी डोसचं स्टेरॉइड चालू आहे. गेले तीन महिने थकवा, केसगळती, वजन चार किलो वाढलं. आम्ही सगळं लुपसच्याच खात्यावर टाकत बसलो. परवा टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) केली तर ९.२, म्हणजे जास्त! फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह.

संधिवाताचे डॉक्टर म्हणाले, लुपस असलेल्यांत थायरॉइड कमी पडणं इतरांपेक्षा जास्त दिसतं. शिवाय किडनीला त्रास असेल तर लघवीतून प्रथिनं जातात, त्यात थायरॉइड हार्मोन वाहून नेणारी प्रथिनंही असतात. हिच्या लघवीत प्रथिनं २+ आलीत, म्हणून डोकं चक्रावलंय. त्यात ही केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत होती, त्यानेही थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो म्हणे. लॅबमध्ये कोणी विचारलंसुद्धा नाही. आता बायोटिन बंद करून पुन्हा रक्त देणार आहोत.

ठाणे-मुलुंड भागात लुपसचे पेशंट नेहमी बघणारे एंडोक्राइनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कोणी सुचवाल का? टीएसएच १० च्या आत असताना तुमच्या डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली की थांबायला सांगितलं? आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, स्टेरॉइड नाश्त्यानंतर, हे ऑफिसला जाणारी माणसं जमवतात कसं?

कोबी-फ्लॉवर बंद करा हा सल्ला शेजारच्या काकूंनी दिलाय, तो सोडून काहीही सांगा.