केंद्रात गणिताची मास्टरी पद्धत न्यायचं काम माझ्याकडे आलंय, तयारी कुठून सुरू करू?

हिंगणा_गणित:
नमस्कार सगळ्यांना. मी हिंगणा तालुक्यातल्या जि.प. शाळेत आहे, चौथी-पाचवीचं गणित माझ्याकडे आहे, गरज पडली की सहावीपण घेते. मागच्या सत्रापासून वर्गात मास्टरी पद्धतीनं शिकवून राहिली आहे, म्हणजे अख्खा वर्ग सोबत न्यायचा, पायऱ्या एकदम छोट्या, आधी वस्तू मग चित्र मग अंक, आणि एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय पुढच्या पानावर पळायचं नाही. फरक दिसते. आधी शाब्दिक उदाहरण दिलं की पोरं विचारायची "मॅडम हे बेरजेचं की वजाबाकीचं?", आता एकमेकांना सांगतात की अरे आधी पट्टीचं चित्र काढून बघ.

आता झालं असं की आमच्या केंद्राचे, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचे, केंद्रप्रमुख सर वर्ग बघून गेले आणि म्हणाले, शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, गणिताचा तास यापुढं तुम्हीच घ्या, एकदा नाही तर वर्षभर, आणि केंद्रातल्या बाकी शाळांनाही तयार करा. आनंद झाला पण रात्रभर डोक्यात तेच. वर्गात शिकवणं वेगळं आणि ज्यांची नोकरीच माझ्या वयाएवढी झाली आहे त्यांच्यासमोर उभं राहणं वेगळं. आपल्याकडे प्रशिक्षण कसं होते सगळ्यांना माहीत आहे, राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून केंद्रात, आणि केंद्रात येईपर्यंत फक्त पीपीटी उरते. मला तसं नाही करायचं.

पहिल्या परिषदेत काय घेऊ? याच्यासाठी काही कोर्स आहे का? आणि सिनियर लोकांशी बोलायचं कसं? कोणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

उमरेड_माजी_साधनव्यक्ती:
ताई अभिनंदन. मी बरीच वर्षं गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना मदत आणि प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रात काढली, आता निवृत्त आहे, तर मनापासून सांगतो, पीपीटी केली असेल तर बाजूला ठेवा. पहिल्या परिषदेत मास्टरी हा शब्दसुद्धा नाही काढला तरी चालते. एक पाठ घ्या. खऱ्या पोरांसमोर, तुमच्याच वर्गात, आणि बाकी शिक्षक मागं बसून बघतील.

पण नुसता आदर्श पाठ नको बरं का. आदर्श पाठ आपण खूप बघितले, घेणाऱ्याचं कौतुक होते, चहा होते आणि सगळे घरी. इथं बघायचं आहे पोरांकडे. प्रत्येक शिक्षकाला दोन-तीन पोरं वाटून द्या, त्यांच्या बाजूला बसायचं, मदत करायची नाही, इशारा पण नाही करायचा, फक्त लिहायचं की पोरगं काय बोललं, हात कुठं थांबला, काय खोडलं. पाठ झाल्यावर पहिले तुम्ही बोला, मग एकेकानं आपल्या पोरांचं सांगायचं. "मॅडम छान शिकवता" हे वाक्य त्या दिवशी बंद. जपानमध्ये शिक्षक हेच करत आले आहेत, लेसन स्टडी म्हणतात त्याला, पाठ मिळून आखायचा, एकानं घ्यायचा, बाकीच्यांनी पोरं बघायची, मग मिळून दुरुस्त करायचा.

पाठ कोणता ते पण सांगतो. पाचवीचे अपूर्णांक घ्या, समच्छेद बेरीज, म्हणजे दोन्हींचा छेद सारखा. ३/८ + २/८ दिलं की वर्गात कोणीतरी ५/१६ लिहितेच, आणि बसलेल्या प्रत्येक शिक्षकानं ते उत्तर आयुष्यभर लाल पेनानं खोडलं आहे. त्यामुळं सिनियर-ज्युनियर भेद तिथंच मिटते, दुखणं सगळ्यांचं एकच आहे. कागदाची पट्टी द्या, तीनदा दुमडली की आठ भाग. आता उदाहरणं अशी लावा:

१/८ + १/८
२/८ + १/८
३/८ + २/८
३/८ + ५/८
३/८ + ६/८

बघा काय होते. छेद हलत नाही, फक्त अंश बदलतो, आणि दर ओळीला एक नवीन गोष्ट समोर येते. चौथ्या ओळीला पट्टी पूर्ण भरते. पाचव्या ओळीला पट्टी संपते आणि तिथं पोरं अडतात, काही म्हणतील होतच नाही, एखादं पोरगं बाजूच्याची पट्टी ओढून जोडेल. त्या वेळी तुम्ही बोलू नका, थांबा. मागं बसलेल्या शिक्षकांना जे बघायचं आहे ते याच एक-दोन मिनिटात आहे. त्यानंतर फळ्यावर ५/१६ लिहून विचारा, आठच भाग केले होते तर हे सोळा कुठून आले? शेवटी उलटा प्रश्न, "कोणते दोन अपूर्णांक मिळवले तर ७/८ होईल, जेवढे सापडतील तेवढे लिहा". हुशार पोरांना पुढचा धडा देऊ नका, इथंच खोल जाऊ द्या.

आणि पाठाच्या आधी एक बैठक हवी, दोन-तीन शिक्षकांसोबत, पोरं काय काय चुकतील ते आधीच लिहून ठेवायला. ही बैठक सोडू नका, शिकणं तिथंच होते.

धरमपेठ_मॅथ्सटीचर:
सरांशी पूर्ण सहमत. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गणित विभाग बघते आणि इंग्लंडमधलं हे मॉडेल बरंच अभ्यासलं आहे म्हणून थोडं त्याबद्दल, कारण ताईंनी जे विचारलं तेच त्यांच्यासमोर होतं, चांगल्या शिक्षकाला इतर शिक्षकांचा मार्गदर्शक कसं बनवायचं.

२०१४ मध्ये तिथं मॅथ्स हब सुरू झाले, म्हणजे एक शाळा पुढं आणि तिच्याभोवती त्या भागातल्या बाकी शाळा, आपल्या केंद्रशाळेसारखीच रचना समजा. त्याच वर्षी शांघायशी शिक्षकांची देवाणघेवाण सुरू झाली, पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत शांघाय गणितात पहिला होता त्यामुळं सगळ्यांचं लक्ष तिकडं होतं. मग २०१५ पासून प्राथमिकच्या शिक्षकांना मास्टरी स्पेशालिस्ट म्हणून तयार करायला लागले, एनसीईटीएम नावाची त्यांची राष्ट्रीय गणित शिक्षण संस्था हे बघते. २०१६ ला सरकारनं ४१ दशलक्ष पाउंड जाहीर केले, उद्दिष्ट होतं ८००० प्राथमिक शाळा.

पैशापेक्षा मला त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटला. शिक्षक आधी स्वतःच्या वर्गात हे रुजवतो, मग स्वतःच्या शाळेत, आणि त्यानंतरच आजूबाजूच्या शाळांचा गट घेतो. आणि तो वर्ग सोडत नाही, शिक्षकच राहतो! बाहेर जायचं त्या दिवसांसाठी शाळेला निधी मिळतो म्हणजे वर्ग उघडा पडत नाही. गटातले शिक्षक एकमेकांच्या शाळेत जाऊन पाठ बघतात, चर्चा करतात, परत जाऊन करून बघतात, वर्षभर हेच चालतं. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने शिक्षक बदलत नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे.

ताई तुमच्याकडे पहिला टप्पा झाला आहे. दुसऱ्याचं काय? तुमच्याच शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या मॅडम हे करतात का? माझं स्पष्ट मत आहे की केंद्राच्या आधी तुमच्या शाळेतला एक तरी शिक्षक सोबत घ्या, कारण तिसरीत पाया वेगळ्या पद्धतीनं घातला तर चौथीत तुमचा अर्धा वेळ तो दुरुस्त करण्यात जाणार, आणि केंद्रात लोक पहिला प्रश्न हाच विचारतील की तुमच्या शाळेत तरी सगळे करतात का.

कोर्सचं म्हणाल तर मास्टरी लीडर असं सर्टिफिकेट शोधत बसू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास म्हटलं आहे, दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्सेस आहेत, ते तास भरायला ठीक. गणिताच्या समजेसाठी अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ॲट राइट अँगल्स मासिक मोफत वाचायला मिळतं आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गणित शिक्षणावर खूप वर्षं काम करतंय, त्यांचं साहित्य बघा. एनसीईटीएमचं साहित्यही नेटवर आहे पण ते आपल्या पाठ्यपुस्तकाच्या क्रमात बसवावं लागेल, जसंच्या तसं उचलू नका.

नरखेड_द्विशिक्षकी:
सगळं वाचलं. मला राग नाही पण मनातलं बोलतो, आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी, दोन वर्ग माझ्याकडे दोन सरांकडे, त्यात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, यूडायसची म्हणजे शाळेची सरकारला भरायची माहिती, पोषण आहाराचा हिशोब. अख्खा वर्ग सोबत न्यायचा म्हणता, माझ्या तिसरीत एक पोरगी तीन अंकी वजाबाकी करते आणि तिच्या बाजूच्याला ५० च्या पुढची संख्या वाचता येत नाही, यांना सोबत कसं न्यायचं? इतकी वर्षं आम्हाला सांगितलं स्तर करा, स्तरानुसार गट करा, प्रथम संस्थेनं पण तेच केलं आणि त्याचा फायदा आम्ही डोळ्यानं बघितला आहे. आता म्हणता गट करू नका. शिक्षकांनी ऐकायचं तरी कोणाचं? ताई, तुम्ही परिषदेत उभ्या राहाल ना तेव्हा माझ्यासारखे पाच-सहा जण हेच विचारतील, त्याचं उत्तर आधी तयार ठेवा.

उमरेड_माजी_साधनव्यक्ती:
नरखेडवाल्या सरांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे आणि त्याला "प्रयत्न केला तर जमते" असं उत्तर देणं म्हणजे त्यांचा अपमान आहे.

माझं मत असं. ज्या पोराला ५० च्या पुढं वाचता येत नाही त्याला स्तराप्रमाणे वेगळा वेळ द्यावाच लागेल, त्यात वाद नाही, ते बंद करा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण दिवसभर, वर्षभर तो त्याच गटात राहिला तर त्याला वर्गाचा धडा कधी ऐकायलाच मिळत नाही आणि दरवर्षी अंतर वाढत जाते. म्हणून दोन वेळा वेगळ्या करा. एक वेळ मागं राहिलेलं भरून काढायची, तिथं गट. दुसरी वेळ वर्गाच्या धड्याची, तिथं सगळे एकत्र, फक्त संख्या लहान घ्या. समजा दशक सुटा करून वजाबाकी शिकवायची आहे तर ३२ − १५ घ्या, गणित पेटीतले दहा-दहाचे दांडे आणि सुटे ठोकळे सगळ्यांच्या हातात. बाजूचा पोरगा पण दांडा देऊन दहा सुटे घेऊ शकते, त्याला ३०० वाचता येत नसले तरी. आणि त्या हुशार पोरीला विचारा, "३२ मधून १५ वजा करताना दांडा मोडला, ३२ मधून ११ करताना मोडला नाही, मोडावा लागेल की नाही हे आधीच कसं ओळखायचं?" ती विचार करत बसेल.

शांघायच्या शिक्षकाची तुलना आपल्याशी करू नये असं सर म्हणाले असते तर ते मात्र बरोबरच होतं, तिथं प्राथमिकला पण गणिताचा शिक्षक फक्त गणित शिकवतो, दिवसाला दोनेक तास, उरलेला वेळ वह्या तपासणं आणि सोबत्यांबरोबर पाठ आखणं. अडलेल्या पोराला त्याच दिवशी धरून समजावतात कारण वेळ आहे. आपल्याकडे बीएलओ आहे. म्हणून आठवड्यात एकच पाठ असा आखा. एकच. पण मिळून आखा. बहुवर्ग शाळेत दोन इयत्तांना एकच साहित्य आणि एकच चित्र चालेल असे विषय निवडा, स्थानिक किंमत घ्या, पहिली-दुसरी सोबत बसू शकतात.

हिंगणा_गणित:
सर, मॅडम, खूप खूप धन्यवाद, नरखेडवाल्या सरांचे विशेष, कारण तुम्ही जे विचारलं ते मला आमच्याच केंद्रात विचारलं जाणार हे नक्की आणि मी गडबडली असती. ठरवलं, अपूर्णांकाचाच पाठ घेते. आमच्या तिसरीच्या मॅडमशी आज बोलली, त्या आखणीला बसायला तयार आहेत, उलट त्या म्हणाल्या की तिसरीत पट्टी दुमडणं मी आधीच करून ठेवते म्हणजे पुढं तुला सोपं जाईल.

एक अडचण आहे. परिषद दुपारी असते तेव्हा पोरं घरी जातात, मग पाठ कोणासमोर घेऊ? आणि एक सर आहेत ते नेहमी म्हणतात "हे आमच्याकडे नाही चालत", त्यांना काय द्यायचं?

धरमपेठ_मॅथ्सटीचर:
केंद्रप्रमुखांना विनंती करा की ही एक परिषद शनिवारी सकाळच्या शाळेत तुमच्याकडे ठेवा, पहिला तास पाठ आणि त्यानंतर मुलं सुटल्यावर चर्चा. आधी लेखी पत्र निघालं तर बाकी मुख्याध्यापकांना वर्गाची सोय लावता येते. ज्या शाळेतून दोघं येऊ शकत नाहीत तिथून एकच येऊ दे, दुसऱ्याला पुढच्या वेळी.

नरखेड_द्विशिक्षकी:
ते "आमच्याकडे नाही चालत" म्हणणारे सर, त्यांना पाठ बघायला सगळ्यात अडलेल्या पोराच्या बाजूला बसवा आणि चर्चेत पहिले त्यांनाच बोलू द्या. त्यांच्या शाळेत पोरं काय चुकतात ते त्यांना विचारा आणि दुसरा पाठ त्यावर ठेवा, त्यांच्याच वर्गात, तुम्ही घ्या ते बघतील. मी तसाच माणूस आहे म्हणून सांगतो, माझ्या वर्गात येऊन माझ्या पोरांसोबत कोणी करून दाखवलं तर मी नक्की बसेन. आणि ताई, ते ३२ − १५ चं मी सोमवारी तिसरी-चौथीला सोबत घेऊन बघतो, दांडे कमी आहेत पेटीत, काड्यांचे गठ्ठे बांधून ठेवतो आज. काय झालं ते इथंच लिहीन.

उमरेड_माजी_साधनव्यक्ती:
सर, गठ्ठे रबरानं बांधा, दोऱ्यानं नको, पोरांना स्वतः सोडता आले पाहिजेत. आणि ताई, तारीख ठरली की कळवा, उमरेडहून हिंगणा काही फार लांब नाही, बोलावलं तर मागं बसून दोन पोरं मी पण बघेन.

हिंगणा_गणित:
सर नक्की या, केंद्रप्रमुख सरांना आजच सांगते. तुम्हाला खिडकीजवळची दोघं देते, बोलत काहीच नाहीत पण वहीत खूप खोडतात, ते काय खोडतात हे मला अजून समजलं नाही.