मदत हवी आहे: नववीच्या मुलांकडून बांबूचे पूल करून घेतोय, सांधे आणि पुराचा जोर कसा शिकवावा?

मंडळी, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान-गणित शिकवतो. स्थापत्य अभियांत्रिकी म्हणजे नेमकं काय, हे मुलांना हाताने कळावं म्हणून नववीकडून पूल करून घेतोय. आइस्क्रीमच्या काड्या तालुक्याला मिळतात, पण बांबूच्या मुलखात राहून त्या विकत आणणं पटेना. बुरडाकडून कमच्या, म्हणजे बांबूच्या बारीक पट्ट्या, तासून घेतल्या. दोन बाकांमध्ये ६० सेंटिमीटरचं अंतर, पुलाच्या मधोमध बादली टांगलेली, आणि तिच्यात मापाने पाणी ओतत जायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनांची गरज नाही. पेललेल्या भाराला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागायचं, तो गुण.

त्रिकोणाचं महत्त्व समजावायला वेळच लागला नाही. कमच्यांचा चौकोन ढकलला की तिरपा होतो, कर्ण टाकला की ढिम्म हलत नाही. पुढे मात्र अडलोय.

कमची तुटायच्या आधी सांधाच सुटतो. बांबूच्या गुळगुळीत पाठीला फेविकॉल धरत नाही. आणि सांधा टिकलाच तर वरची कमची बाजूला बाक घेते. "सर, खाली तं काहीच नाही झालं, वरूनच वाकून राहिला जी!" यावर पोट्ट्यांचा एकच उपाय, जाडी वाढवा. मग पूल जड होतो आणि गुण घसरतो. बारीक राहूनही कमची कशी टिकेल, हे साइन-कोसाइनशिवाय कसं सांगू?

तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या नाल्यावर रपटा, म्हणजे खाली पाइप टाकलेला बुटका पूल आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं आणि पलीकडच्या गावची मुलं शाळेत येत नाहीत. या मुलांच्या डोक्यातला पूल बैलगाडीच्या वजनाने नाही, पुराने जातो. बादलीच्या प्रयोगात ते कुठेच येत नाही.

प्रतिसाद

सर, आधी सांधे. जोडायच्या जागी पाठ खरवडून काढा, दोऱ्याने घट्ट आवळा आणि मग फेविकॉल लावून रात्रभर सुकू द्या. दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची त्रिकोणी चकती चिकटवलीत तर अजून बरं. लोखंडी पुलात सांध्यावर पोलादी पत्रा असतो, त्याचंच काम ती करते.

बाक दाखवायला किराणा दुकानातला वजनकाटा पुरे. कमची काट्यावर उभी धरून वरून दाबायची आणि ती बाजूला वाकते तेव्हाचा आकडा लिहून ठेवायचा. मग तशीच, पण निम्म्या लांबीची घ्या. आकडा दुप्पट नाही, जवळपास चौपट येईल. म्हणजे जाडी न वाढवता मध्येच आडवा आधार दिला तरी भागतं. तुमच्या पुलाच्या दोन्ही बाजू वरून एकमेकींना बांधल्या आहेत का? नसतील तर तिथे तिरप्या कमच्या टाका. ओढल्या जाणाऱ्या कमचीला मात्र लांबीची फिकीर नसते. तिथे दोराही चालतो, मुलांना तो लावून बघू द्या.

पुराचं म्हणाल तर पूल बाजूला ठेवा आणि पाया दाखवा. पत्र्याच्या पन्हाळीत रेती पसरा, त्यात बांबूचा ठोकळा उभा करा आणि एका टोकाने पाणी सोडा. पाणी ज्या बाजूने येतं तिथेच ठोकळ्याच्या पायाशी खड्डा पडायला लागतो. वर काही न मोडताही पूल जातो, हे तिथेच कळतं. मग पाण्यात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे, तुकडे सोडा. ते अडकले की पाण्याला वाट कमी आणि धक्का जास्त. रपट्याचे पाइप काडीकचऱ्याने बुजतात तेव्हा हेच होतं. २०१६च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, तो दाखला वर्गात सांगण्यासारखा आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर, आभार. दोऱ्याचं डोक्यात आलंच नव्हतं. पन्हाळ शाळेच्या छपराची जुनी पडलेली आहे. एक विचारायचं राहिलं: ठोकळा चौकोनी, गोल आणि टोकदार असे तीन आकार करून खड्ड्याची खोली मोजायला लावली, तर पन्हाळीची रुंदी किती ठेवावी? कडेच्या पत्र्यामुळे फरक पडत असणार असं वाटतं.