सोलापुरात आठवडाभर दूध-दही-तुपाशिवाय कुठे जेवायचं?

चहा_कोरा

संक्रांतीच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने सोलापूरला येतेय. एका ठिकाणचं ऑडिट आहे. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. खोलीत विजेची किटली आहे, बाकी रांधायची सोय शून्य.

मी दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध यातलं काहीच खात नाही. मांस-अंडी तर नाहीच. पुण्यात आता निभतं, पण बाहेरगावी 'शुद्ध शाकाहारी' पाटी बघून आत शिरलं की मेन्यूकार्डाच्या दोन पानांवर पनीर असतं आणि साध्या डाळीवर लोण्याचा गोळा तरंगत येतो. मागच्या दौऱ्यात (गाव दुसरं होतं) केळी आणि फरसाणावर दिवस काढले, तसं पुन्हा नकोय.

सोलापूरची मैत्रीण म्हणाली की भाकरी आणि शेंगाचटणीवर तू आरामात राहशील. मग तीच म्हणाली की चटणी दह्यात कालवूनच खातात. तर नक्की काय? खानावळीत कसं सांगितलं की समोरच्याला पटकन कळेल? आणि सकाळी नाश्त्याला काय? दुकानांची नावं नसली तरी चालतील, काय मागायचं आणि काय टाळायचं ते सांगा.

मिलचा_भोंगा

ताई, तुम्ही अगदी बरोबर गावाला यायलाव.

माझी थोरली लेक बेंगळुरूला असते. तिनं दूधदुभतं सोडलं म्हटल्यावर तिच्या आईनं डोक्याला हात लावला होता. पोरगी आता खाणार काय? मग मी म्हटलं, थांब, आपण ताट मांडून बघू. तर निघालं काय, आमच्या ताटात दुधातुपाचं जे येतं ते सगळं वरून येतं. भाकरीवर लोणी, भातावर तूप, चटणीत दही. ते वरचं काढलं की खालचं ताट जसंच्या तसं. भाकरीत ज्वारीचं पीठ न् पाणी, दुसरं काही नाही. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट, तीळ, खोबरं, काळा मसाला न् तेल. अंबाडीची भाजी तेल-लसणाची. डाळीची आमटी तेलाच्या फोडणीची. एक चाकवत तेवढा विचारून घ्या, तो बहुतेक ताकातला असतो.

म्हणून मोठ्या हॉटेलात शिरूच नका. पंजाबी भाज्यांचा रस्सा काजू-साईचा, नानच्या पिठात दही, रोटीवर ब्रशानं बटर. तिथं तुम्ही 'हे नको, ते नको' म्हणत बसणार न् शेवटी जिरा राईस खाणार, तोही तुपातला. भाकरीच्या खानावळी बघा. लिंगायत पद्धतीच्या खानावळी गावात पुष्कळ आहेत, बाहेरूनच भाकरी थापल्याचा आवाज येतो. कर्नाटकची हद्द लागून आहे, त्यामुळं तिकडचंच वळण आहे जेवणाला. भाकरी, एक भरली भाजी, एक उसळ, आमटी-भात, कांदा, आणि चटण्या दोन-तीन: शेंगा, कारळं, जवस. शेंगाची ओळखीची आहे, पण कारळ्याची चटणी सोडू नका. काळी असते, दिसायला काही नाही, चवीला लई भारी.

आता वाढप्याचं सांगतो, कारण घोळ तिथं होतो. भात ताटात पडला की तो तुपाची वाटी घेऊन मागं उभाच असतो. विचारत नाही. तुम्ही वांग्याचं देठ सोडवायलाव, तेवढ्यात धार पडलेली असते. त्याचा काय दोष, त्याच्या लेखी तो पाहुण्याला चांगलंच द्यायलाय. तेव्हा ताट मांडायच्या आधी गल्ल्यावरच्या माणसाला सांगा, 'दूध, दही, ताक, तूप, लोणी सोडलंय, तेलातलं सगळं चालतं.' पाचही नावं घ्या. नुसतं 'दुधाचं नको' म्हटलं तर तूप येतंच, तूप कुणी दुधात धरत नाही. आणि 'सोडलंय' म्हणा. आमच्याकडं चातुर्मास पाळणारी जुनी माणसं भाद्रपदात दही सोडतात, आश्विनात दूध सोडतात. सोडलंय म्हटलं की पुढं कुणी 'का?' विचारत नाही. लेकीनं पहिल्यांदा इंग्रजी शब्द वापरून समजावलं तर तिला साबुदाण्याची खिचडी आणून दिली, तीही तुपातली.

चटणीचं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, एवढंच. उखळात कुटली की दाण्याचं तेल सुटतं, चटणी ओलसर होते, बोटाला चिकटते. मिक्सरमधून फिरवलेली भुरभुरीत राहते, तिला आम्ही चटणी म्हणत नाही. विकत घेताना पाकीट वरून दाबून बघा. मुटका वळला तर घ्या, नाहीतर ठेवून द्या. दही वेगळ्या वाटीत येतं, ते परत करा न् तिच्यावर कच्चं तेल मागा. करडईचं मिळालं तर उत्तम. आमचे वडील मिलच्या डब्यात तसंच न्यायचे, दही दुपारपर्यंत आंबतं म्हणून.

लॉजवरच्या रात्रीसाठी कडक भाकरी घेऊन ठेवा. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, महिनाभर काही होत नाही. पाकिटात मिळते, ज्वारीची न् बाजरीची. किटलीत पाणी उकळायचं, वाटीत भाकरी चुरायची, वर चटणी, तेल, कांदा, पाणी शिंपडायचं. हे मी स्वतः खातो, गरीबीचं म्हणून सांगत नाही.

दहीभक्त

शेंगाचटणी न् दह्याशिवाय? भोंगाकाका, तुम्ही पण? गावात घेणार नाहीत बे.

जोक सोडा. ताई, एवढं पाठांतर कशाला, सरळ 'दुधाची ॲलर्जी आहे' म्हणून टाका. कोण वाद घालत नाही.

मिलचा_भोंगा

घालत नाही, जेवायला पण घालत नाही. लेकीनं हेही करून बघितलंय. ॲलर्जी म्हटलं की गल्ल्यावरचा दचकतो. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात, म्हणून 'आमच्याकडं तुमच्यासारखं नाही' म्हणून वाटेला लावतो. ज्याला खरंच ॲलर्जी आहे त्यानं सांगावं, सांगायलाच पायजे. ताईंना चमचाभर तुपानं दवाखान्यात जायची वेळ यायची नाही. मग खोटं कशाला बे?

पूर्वभाग_पोरगी

नाश्त्याचं मी सांगते. आम्ही पूर्व भागातले, पद्मशाली, घरात तेलुगू. आमच्या भागात सकाळी इडली, वडे, मिरची भजी अगदी कोपऱ्याकोपऱ्यावर. इडली निश्चिंत खा. सांबार पण. चटणी मात्र विचारा, काही जण दाण्याची किंवा खोबऱ्याची चटणी दही घालून सैल करतात. डोसा नको, म्हणजे डोशाचा काही दोष नाही, पण आधीच्याचा लोणी डोसा त्याच तव्यावर झालेला असतो. 'तेलावर काढा' म्हटलं तरी तवा तोच. तुम्हाला तेवढं चालत असेल तर घ्या. पोहे बिनधास्त. उप्पीट काही ठिकाणी तुपात असतं, बहुतेक ठिकाणी तेलातच, कारण तूप परवडत नाही.

बिस्किटांच्या भरवशावर राहू नका. पार्ले-जीच्या पुड्यावर मागं वाचा, त्यात दुधाची पावडर आहे.

आणि तुम्ही संक्रांतीला येताय, तर कुणा तेलुगू घरची ओळख काढाच. आमच्याकडे तेव्हा सकिनालू करतात. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ आणि ओवा, आणि ते पीठ बोटांनी पिळत पिळत कापडावर गोल फिरवायचं, वेटोळ्यात वेटोळं. साचा नाही. आजीचे एकसारखे पडतात, माझ्या वेटोळ्याची शेपटी सुटते आणि तेलात गेल्यावर ती वेगळीच तळून निघते. जरा सुकले की तेलात तळतात. दूध नाही, तूप नाही. चिंचेचा भात, पुलिहोरा, तोही तेलाचा. आम्ही लहानपणापासून हे खातोय, यात काही वगळून केलंय असं कधी वाटलंच नाही.

चहा_कोरा

मी हे सगळं वहीत उतरवून घेतेय. पूर्वभाग_पोरगी, ओळख काढायला माझं ऑडिटचं पत्र चालेल का?

भोंगाकाका, गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची संक्रांतीतली जत्रा) बघायची आहे, तिथे खाण्यासारखं काही? आणि हुरडा? माझ्या सहकाऱ्यांचा एका दिवशी शेतावर जायचा बेत आहे. शेंगापोळीचं पण सांगा, ती गोड म्हणून मला चालेल असं वाटतंय.

मिलचा_भोंगा

शेंगापोळी: आत दाण्याचा कूट, गूळ, तीळ, बाहेर कणीक. पोळीत तूप नसतं, पण भाजताना कुणी सोडतं, न् वाढताना तर सगळेच. दुकानातली गार पोळी बघून घ्या. वरून तुकतुकीत दिसली तर तिला काहीतरी लावलंय, काय ते विचारा. कोरडी दिसली तर घ्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी खानावळीत आवर्जून जावा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, न् वांगं, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे असं जे काय शेतात असेल ते घालून केलेली भाजी. तिळाचा न् दाण्याचा कूट सढळ हातानं. लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवूनच येतो, तेव्हा सांगायचं ते भाकरी तव्यावर असतानाच सांगा. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतातल्या सणाला आला असता तर तिथं भज्जी (मिसळीची भाजी) न् उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) मिळाले असते, पण ती संक्रांतीच्या आधी होऊन जाते. आणि तिथली आंबिल ताकातली असते, तेवढी सोडावी लागली असती.

गड्डा होम मैदानावर भरतो. खायला चुरमुरे, भजी, उसाचा रस, बाकी सगळं पाळण्यांचा आवाज न् धूळ. पोट भरायला जाऊ नका, नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या, बघायला जावा. अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या) दिवशी गर्दीत खानावळीपर्यंत पोचणं होणार नाही, सकाळीच पोटभर खाऊन निघा, न् पिशवीत कडक भाकरी ठेवा.

हुरडा तर तुमच्यासाठीच आहे. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कोवळी कणसं, आगटीत भाजून, गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढून देतात. सोबत शेंगाचटणी, खोबऱ्याची चटणी, गूळ, बोरं. एका माणशी ठराविक पैसे घेतात, त्यात दही-ताक न् जेवण पण धरलेलं असतं. आदल्या दिवशी फोन करून पिठलं-भाकरीचं सांगून ठेवा, पिठलं तेलात होतं. भाजायला खाली गोवऱ्या असतात. शेण तुमच्यात चालतं का ते तुम्ही बघा, लेकीनं त्यावर तासभर विचार केला होता, तोवर तिच्या वाट्याचा हुरडा आम्ही खाल्ला.

हुतात्मा एक्स्प्रेसनं येत असाल तर ती संध्याकाळची आहे, पोचेपर्यंत भाकरीच्या खानावळीत चूल विझलेली असते. पहिल्या रात्रीचा डबा पुण्याहूनच आणा.

दहीभक्त

चहाचं राहिलं. गाड्यावर कोरा चहा मागितला तर करून देतात, लिंबू पण पिळतात. पण पातेलं एकच असतं, दुधाचं. 'नवीन पाणी ठेव' म्हणा, न् साखर किती ते आधीच सांगा. नाहीतर दूध नाही म्हणून बिचारा दुप्पट साखर टाकतो.